परवान्याची अडचण जाणकाराकडे न्या, आणि वेळेत न्या

जर्मनीत शिकायला, आउसबिल्डुंगला, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणाला, किंवा नोकरीला आलेल्या आपल्या प्रत्येक माणसाच्या पाकिटात प्लॅस्टिकचं एक कार्ड असतं. त्यावर फोटो असतो, मुदतीची तारीख असते आणि निवास कायद्याचं एक कलम छापलेलं असतं. विद्यार्थ्याचं १६बी, ब्लू कार्डवाल्याचं १८जी, नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर आलेल्याचं ३०. हा तात्पुरता निवास परवाना. इथली नोकरी, बँकेचं कर्ज, सुट्टीत गावी जाऊन परत येणं, सगळं या कार्डावर अवलंबून असतं. तरीही अडचण आली की आपली माणसं पहिल्यांदा विचारतात व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग रूममेटला, मग गावाकडच्या एजंटला. वकिलाचं नाव निघतं ते सगळ्यांत शेवटी, आणि तोवर पुष्कळदा तारीख उलटून गेलेली असते.

हे बदलावं म्हणून लिहिते आहे. मी वकील नाही. या देशात बरीच वर्षं काढली आहेत, नव्याने आलेल्यांचे फोन येतात, कागद घेऊन मुलंमुली घरी येतात. ते कागद पाहून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. बहुतेकांचं नुकसान कायदा कडक असल्यामुळे होत नाही. उशिरा विचारल्यामुळे किंवा भलत्याला विचारल्यामुळे होतं. म्हणून तुमच्या प्रकरणात काय करावं हे मी सांगणार नाही. कधी जावं आणि कुणाकडे जावं, एवढंच सांगते.

कुठे कुणाचीच गरज नसते, ते आधी पाहू. नोकरी तीच आहे, पगार वेळेवर येतो, विमा चालू आहे आणि फक्त कार्डाची मुदत संपत आली आहे, तर परवाना वाढवून घेणं हे तुमचं तुम्ही करण्यासारखं काम आहे. तुमच्या शहराच्या आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज असतो, लागणाऱ्या कागदांची यादी असते. शुल्क १०० युरोंच्या आसपास. विद्यार्थी असाल तर खर्चाची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. नव्या घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, तीही स्वतः जाऊन. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय फॉर्म भरायला फुकट मदत करतं. एवढ्या कामासाठी कुणी शेकडो युरो मागत असेल तर ते देऊ नका.

पण या साध्या कामातही एक गोष्ट जिवापाड सांभाळा. अर्ज कार्डावरच्या तारखेच्या आधी गेला पाहिजे. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, नंतरची मिळाली तरी चालेल, अर्ज आधीचा हवा, आणि तो केल्याचा पुरावा हवा: ऑनलाइन अर्जाची पोच, पाठवलेली ईमेल, रजिस्टर पत्राची पावती. निवास कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे मुदतीत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असंच धरलं जातं, नोकरी करण्याच्या हक्कासह. तसा दाखला कार्यालय देतं, त्याला फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. आपल्याकडची मुलं त्याला नुसतं 'फिक्शन' म्हणतात. या दाखल्यावर कलम ८१ च्या कुठल्या पोटकलमासमोर खूण आहे ते नीट पाहा. चौथ्या पोटकलमाची खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमाची असेल तर त्या दाखल्यावर परत येता येत नाही. बहिणीच्या लग्नाचं तिकीट काढण्याआधी हे बघायचं असतं, विमानतळावर नाही. आणि तारीख उलटून गेलीच असेल तर घाबरून गप्प बसू नका. उशिरा आलेला अर्जही अपवाद म्हणून ग्राह्य धरण्याची सोय कायद्यात आहे, पण ती मागावी लागते, आणि नीट कारण देऊन मागावी लागते. ते काम जाणकाराचं.

आता प्रकरणाला वळण कधी लागतं ते सांगते. सगळ्यांत जास्त फोन येतात नोकरी गेल्यावर.

नोकरी गेली की परवाना त्याच दिवशी संपतो, अशी एक भीती पसरलेली आहे. तसं नाही. परवाना आपोआप संपत नाही. कार्यालय त्याची मुदत कमी करू शकतं, पण त्याआधी तुम्हाला कळवतं, म्हणणं मांडायला सांगतं, आणि दुसरी नोकरी शोधायला अवधी मिळू शकतो. मात्र नोकरी मुदतीआधी सुटल्याचं दोन आठवड्यांच्या आत कार्यालयाला कळवणं ही तुमची जबाबदारी आहे. कंपनीलाही कळवावं लागतं, तिला चार आठवडे असतात. म्हणजे तुम्ही लपवलंत तरी कार्यालयाला कळणारच, आणि तुम्ही लपवलंत हेही कळणार.

याच दिवसांत आणखी दोन घड्याळं चालू असतात, आणि ती परवान्याच्या कायद्यात नाहीत म्हणून आपल्याला ठाऊक नसतात. एक तीन दिवसांचं: नोकरी जाणार हे कळल्यावर, शेवटचा दिवस तीन महिन्यांच्या आत असेल तर, तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं. दुसरं तीन आठवड्यांचं: काढून टाकल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल केला नाही, तर ते काढणं कितीही अन्यायाचं असलं तरी बहुधा कायम होतं. हे पत्र कागदावर आणि सहीनिशी असावं लागतं. ईमेलवर किंवा फोनवर काढून टाकलं तर ते कायद्याने ग्राह्य नाही. कंपनी कधीकधी राजीखुशीने करार संपवण्याचा कागद पुढे करते आणि 'आजच सही करा' म्हणते. त्या दिवशी सही करू नका. त्या सहीमुळे बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत अडकू शकतो, आणि न्यायालयात जायची वाटही बंद होते. घरी न्या, वकिलाला दाखवा.

बेकारी भत्त्याविषयी आपल्या लोकांत एक गैरसमज आहे, तो दूर झाला पाहिजे. पगारातून विम्याचे हप्ते कापले गेले, मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने ते भरले गेले, की मिळणारा भत्ता हा तुमच्या हप्त्यांवरचा हक्क आहे. तो घेतल्याने परवान्याला बाधा येत नाही. गरजूंना सरकारी तिजोरीतून मिळणारी मदत ही वेगळी गोष्ट, तिने परवाना अडचणीत येऊ शकतो. या दोन्हींची गल्लत करून हक्काचे पैसे सोडून देणारी आणि साठवणीवर दिवस काढणारी माणसं मी पाहिली आहेत. रोजगार कार्यालयातून निघालेल्या कागदावर कुठल्या प्रकारचा भत्ता लिहिला आहे, एवढं एका सल्लागाराला विचारलं असतं तरी ती माणसं निर्धास्त झाली असती.

विद्यार्थ्यांचं वळण वेगळं असतं. शाखा बदलायची आहे, परीक्षा राहिली आणि पदवी लांबली, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस ही कामाची मर्यादा ओलांडली गेली. यातली कुठलीही गोष्ट घडली असेल किंवा घडणार असेल, तर पुढच्या अर्जाच्या आधी विद्यापीठातल्या सल्ला केंद्राकडे जा. अनेक विद्यापीठांत आस्टा ही विद्यार्थ्यांची संघटना फुकट कायदेशीर सल्ल्याची वेळ ठेवते, वकील स्वतः येऊन बसतो. पदवी झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते कुठल्या दिवसापासून मोजायचे हेही तिथेच विचारून घ्या.

आई किंवा वडील आजारी पडले आणि गावी जाऊन राहावं लागलं, हे वळण तर आपल्यातल्या कुणावरही येऊ शकतं. अशा वेळी माणूस तिकीट काढतो आणि निघतो. कायदा मात्र म्हणतो की सहा महिन्यांच्या आत परत आला नाहीत तर परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डाला ही मुदत १२ महिन्यांची आहे. आणि नोकरी सोडून, घर रिकामं करून, पत्त्याच्या नोंदीतून नाव काढून गेलात, तर कायमचेच गेलात असं समजून सहा महिन्यांच्या आधीही परवाना संपलेला धरला जाऊ शकतो. जास्त दिवस लागणार असं दिसत असेल तर जाण्याआधी कार्यालयाकडून मुदत वाढवून घेता येते. दवाखान्याचे कागद जोडायचे आणि लेखी मागायचं. निघताना घाई असते हे मान्य, पण एक ईमेल विमानतळावर बसूनही जाते.

आता ज्या वळणाबद्दल आपण एकमेकांशीही बोलत नाही, ते. लग्न मोडतं आहे, आणि बायकोचा परवाना नवऱ्याच्या परवान्यावर आहे. 'माझ्याशी नीट वागली नाहीस तर तुला परत पाठवीन' ही धमकी ज्या बाईला ऐकावी लागते तिने हे वाचावं. नवरा कुणाचाही परवाना रद्द करू शकत नाही. तो अधिकार फक्त कार्यालयाचा आहे. जर्मनीत तीन वर्षं वैवाहिक सहजीवन झालं असेल तर निवास कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे बायकोला स्वतःचा, नवऱ्यावर अवलंबून नसलेला परवाना मिळण्याची वाट आहे. घरात मारहाण होत असेल, छळ होत असेल, तर तीन वर्षं पूर्ण नसली तरी ती वाट मोकळी होऊ शकते. पण त्यासाठी डॉक्टरांचा दाखला, पोलिसांची नोंद, मेसेज, जे काही असेल ते जपून ठेवावं लागतं, आणि घर सोडल्यावर लगेच वकिलाकडे जावं लागतं. ११६ ०१६ हा देशभरातला मदतीचा क्रमांक आहे. चोवीस तास चालू, फुकट, नाव सांगावं लागत नाही, इंग्रजीत बोलता येतं आणि आणखी कितीतरी भाषांचे दुभाषे मिळतात. सासरचे काय म्हणतील, माहेरी कसं सांगू, हे प्रश्न मोठे आहेत, पण ते दुसऱ्या दिवशीही सोडवता येतील. फोन आज करा.

पत्रांबद्दलही नीट सांगायला हवं, कारण इथला सगळा कारभार पत्रपेटीतून चालतो. परवाना नाकारण्याआधी कार्यालय साधारणपणे एक पत्र पाठवतं, त्यावर आनह्योरुंग असं लिहिलेलं असतं. आम्ही असा असा निर्णय घेण्याच्या विचारात आहोत, तुमचं काय म्हणणं आहे ते अमुक तारखेपर्यंत कळवा, असा त्याचा अर्थ. अनेकांना ती नुसती माहिती वाटते. ती माहिती नसते. वकिलाकडे जायची सगळ्यांत योग्य वेळ कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, हे पत्र आल्याचा दिवस. निर्णय अजून झालेला नसतो, अधिकाऱ्याने मत पक्कं केलेलं नसतं, आणि एक नीट लिहिलेलं उत्तर तिथे जे काम करतं ते पुढे न्यायालयात करायला दहापट पैसा आणि वेळ लागतो.

त्यानंतर नकार आलाच, तर तो पुष्कळदा पिवळ्या पाकिटात येतो. पोस्टमन त्या पाकिटावर तारीख लिहितो. पत्र तुमच्या पेटीत पडलं की तुम्हाला मिळालं असं कायदा मानतो, तुम्ही त्या दिवशी पुण्यात असलात तरी. तिथून मुदत सुरू होते, साधारण एक महिन्याची. पत्राच्या शेवटी ती लिहिलेली असते, दाद कुठे मागायची तेही लिहिलेलं असतं. काही राज्यांत आधी त्याच प्रशासनाकडे हरकत नोंदवावी लागते, काही राज्यांत थेट प्रशासकीय न्यायालयात जावं लागतं. आणि परवाना नाकारल्याच्या प्रकरणात नुसती हरकत घेतल्याने निर्णय थांबत नाही, त्यासाठी न्यायालयात वेगळा तातडीचा अर्ज लागतो. हे स्वतः करू नका. ते पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख हाच तुमचा पुरावा आहे. घर बदललंत तर पत्रपेटीवर स्वतःचं नाव लावा. भारतात जाणार असाल तर पेटी उघडायला आणि पत्रांचे फोटो पाठवायला विश्वासातल्या कुणाला तरी किल्ली देऊन जा.

जाणकार कोण, आता याकडे वळते. जर्मनीत कायदेशीर सल्ल्याचा धंदा कुणीही उठून करू शकत नाही. १ जुलै २००८ पासून लागू असलेला एक कायदाच आहे: दुसऱ्याच्या प्रकरणात कायद्याचा सल्ला देण्याचा व्यवसाय फक्त अधिकार असलेल्यांनी करायचा. 'इमिग्रेशन कन्सल्टंट' अशी पाटी लावून आपल्यातलाच कुणी पैसे घेऊन परवान्याच्या वादात सल्ला देत असेल, तर तो बहुधा हा कायदा मोडतो आहे, आणि त्याचा सल्ला चुकला तर भरपाई मागायला तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. वकिलाला मात्र व्यावसायिक विमा काढावाच लागतो. वकील खरा आहे की नाही हे वकिलांच्या राष्ट्रीय परिषदेच्या ऑनलाइन नोंदवहीत नाव टाकून मिनिटभरात पाहता येतं. त्यातही ज्याच्या नावापुढे स्थलांतर कायद्याचा विशेष वकील, फाखआनवाल्ट फ्युर मिग्रात्सिओन्सरेख्ट, असं लिहिलेलं असेल तो निवडा. घटस्फोट आणि मालमत्तेची कामं करणारा वकील कितीही हुशार असला तरी हे वेगळं शास्त्र आहे, आणि त्याचे नियम सारखे बदलतात.

फीची भीती बाळगून लोक जात नाहीत. तिची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे. वेगळा करार केला नसेल तर पहिल्या सल्ल्यासाठी सामान्य ग्राहकाकडून जास्तीत जास्त १९० युरो आणि वर कर घेता येतो. कर धरून २२६ युरोंच्या आसपास. वेगळा करार करायचा असेल तर तो लेखी घ्या आणि पहिल्याच फोनवर फी विचारा, वकिलांना त्यात काही वावगं वाटत नाही. उत्पन्न फारच कमी असेल, विद्यार्थी असाल, तर आपल्या भागातल्या स्थानिक न्यायालयात, आम्ट्सगेरिख्टमध्ये, जाऊन सल्ल्याचं प्रमाणपत्र मागा. ते मिळालं तर वकिलाला १५ युरो दिले की झालं. हाम्बुर्ग आणि ब्रेमेनमध्ये याऐवजी सरकारी सल्ला केंद्रं आहेत.

आणि वकिलाच्या आधी एक फुकट दार आहे, ते आपल्या लोकांना फार कमी माहीत आहे. कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेड क्रॉस, पारिटेटिशे अशा संस्था सरकारी पैशातून स्थलांतरितांसाठी सल्ला केंद्रं चालवतात. २७ वर्षांच्या वरच्यांसाठी एमबीई ही सल्ला सेवा आणि त्याखालच्या तरुणांसाठी युगेंडमिग्रात्सिओन्सडीन्स्ट. चर्चच्या नावाची संस्था पाहून बिचकू नका, तिथे कुणी धर्म विचारत नाही. हे सल्लागार पत्र वाचून दाखवतात, काय गंभीर आहे आणि काय नाही ते सांगतात, आणि प्रकरण वकिलाचं असेल तर त्या भागातल्या चांगल्या वकिलाकडे पाठवतात. नोकरीतल्या फसवणुकीसाठी, पगार अडवला, जास्त तास राबवलं, अशासाठी फेअर इंटेग्रात्सिओन नावाची वेगळी फुकट सेवा आहे. जानेवारी २०२६ पासून तर परदेशातून माणूस आणणाऱ्या कंपनीला या सेवेची माहिती कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत द्यावीच लागते. ती दिली नसेल तर मागून घ्या.

कंपनीच्या वकिलाबद्दल एक इशारा देते. अनेक मोठ्या कंपन्या परवान्याचं काम रिलोकेशन संस्थेकडे किंवा स्वतःच्या वकिलाकडे देतात. नोकरी सुरळीत चालू असेपर्यंत ही सोय उत्तम. पण त्याचे पैसे कंपनी देते, तो कंपनीचा माणूस आहे. तुमचं आणि कंपनीचं बिनसलं, किंवा तुम्हालाच दुसरीकडे जायचं असेल, तर तो प्रश्न त्याच्यापुढे मांडू नका. त्या वेळी तुमचा स्वतःचा वकील हवा. नोकरी बदलण्याआधी परवान्याबरोबर मिळालेलं जोडपत्र त्याला दाखवा. कुठल्या कंपनीत, कुठल्या कामासाठी परवानगी आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं.

वकिलाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पासपोर्ट, कार्ड, जोडपत्र, आतापर्यंतचे सगळे अर्ज, आलेली सगळी पत्रं पाकिटांसह, पगाराच्या पावत्या, आणि एका कागदावर तारखांसह घडलेल्या गोष्टी क्रमाने. जर्मनीत कधी आलात, परवाना कधी मिळाला, काय बदललं, कार्यालयाला काय कळवलंत. असा कागद असेल तर अर्ध्या तासात काम होतं. आणि खरं सांगा. डॉक्टरला दुखणं लपवून औषध मागितलं तर जे होतं तेच इथे होतं. मर्यादेपेक्षा जास्त काम केलं असेल, खात्यात पैसे उसने आणून दाखवले असतील, जुना एखादा दंड असेल, तर सांगून टाका. वकील गुप्तता पाळायला कायद्याने बांधलेला आहे, आणि तो तुमची फाइल कार्यालयाकडून मागवून पाहू शकतो. तुमचं तोंडी म्हणणं आणि फाइल जुळली नाही, तर तो तुम्हाला वाचवू शकत नाही.

कार्यालयातल्या बाईंनी काउंटरवर तोंडी जे सांगितलं त्यावर मोठा निर्णय घेऊ नका. त्यांच्याबद्दल राग नको, कामाचा ढीग आहे त्यांच्यासमोर. पण 'काही अडचण नाही' हे वाक्य फाइलमध्ये जात नाही. घरी येऊन ईमेल करा, उत्तर लेखी मागा. अर्ज करून तीन महिने उलटले आणि काहीच हालचाल नसेल तर निष्क्रियतेचा दावा लावण्याची सोय आहे, पण बहुतेकदा आधी वकिलाचं एक पत्र पाठवून पाहावं.

ज्यांच्याकडे जाऊ नये ते ओळखणं सोपं आहे. टर्मिन विकतो म्हणणारा. 'आत ओळख आहे' म्हणणारा. निकालाची हमी देणारा. सरळ वकील हमी कधीच देत नाही. आणि सगळ्यांत घातक म्हणजे कागद तयार करून देणारा: अनुभवाचा दाखला, भाडेकरार, खोटी पगाराची पावती. परवान्यासाठी खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, कलम ९५ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हद्दपारीलाही ते कारण होऊ शकतं. तो गुन्हा एजंटच्या नावावर लागला तरी अर्जावर सही करणारा सुटत नाही.

महाराष्ट्रातल्या आईवडिलांसाठी आता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतातल्या कुशल कामगारांसाठी व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. या खऱ्या गोष्टी आहेत. पण त्यांचा आधार घेऊन 'जर्मनीत हमखास नोकरी' असे फलक तालुक्याच्या गावांपर्यंत लागले आहेत, आणि ते फलक खरे नाहीत. संख्या वाढली, अटी गेलेल्या नाहीत. भाषा लागते, पदवीची मान्यता लागते. पैसे देण्याआधी पाहा: परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांत मागत असेल तर तो कायद्याबाहेर मागतो आहे. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकाचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. शिक्षणासाठी पाठवणारे सल्लागार या नोंदणीत येत नाहीत, म्हणून त्यांच्याशी व्यवहार करताना दुप्पट काळजी घ्या, पावती घ्या, प्रत्येक वचन लेखी घ्या. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं सरकारी शुल्क प्रौढासाठी ७५ युरो आहे, हे लक्षात ठेवून बाकीचे आकडे वाचा. मुलगी नर्स म्हणून जाणार असेल तर आणणारी संस्था न्याय्य भरतीचं जर्मन सरकारी मानचिन्ह धारण करते का ते विचारा. त्या मानचिन्हाखाली भरतीचा खर्च उमेदवाराकडून घ्यायचा नसतो.

व्हिसा नाकारला गेला तर पूर्वी वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली आहे. आता नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची. जुन्या पद्धतीचा फेरविचार करून देतो म्हणून अजूनही पैसे घेणाऱ्याला नमस्कार करा आणि उठा.

मुलाचा किंवा मुलीचा एक दिवस फोन येईल की कार्यालयाचं पत्र आलं आहे. त्या वेळी 'आम्ही एवढं कर्ज काढलं' हे आधी बोलू नका. ते त्यांना माहीत असतं, आणि म्हणूनच ती मुलं तुमच्यापासून पत्रं लपवतात. पत्रावरची तारीख विचारा, मुदत कधी संपते ते विचारा, वकिलाची वेळ घेतली का ते विचारा. पहिल्या सल्ल्याची फी वीस-पंचवीस हजार रुपयांच्या घरात जाते. त्यांच्याकडे नसेल तर ती पाठवा, आणि त्याच आठवड्यात पाठवा.